मॅजिक आयटम आणि आर्मर वाटताना गेम बिघडू नये म्हणून काय करायचं

आम्ही डीअँडडी (Dungeons & Dragons) हा फासे टाकून खेळायचा रोलप्लेइंग गेम खेळतो. आमच्या टेबलवर एक फायटर, म्हणजे पुढे उभं राहून लढणारं कॅरेक्टर, होता, त्याला हात लावणं तीन-चार महिन्यांनी कोणालाच जमेना. चूक त्याची नव्हती, माझी होती, डीएम, म्हणजे गेम चालवणारा आणि मॉन्स्टर खेळवणारा, मीच होतो आणि सगळे आयटम मीच वाटले होते. प्रत्येक वेळी देताना वाटायचं अरे प्लस वनच तर आहे, प्लस वनने काय होतंय. आता त्या प्लस वनने नक्की काय होतं ते आधी सांगतो, मग वाटायचं कसं ते. आकडे सगळे डीअँडडीच्या पाचव्या एडिशनचे, म्हणजे २०१४ च्या नियमांचे घेतलेत कारण मी तेच खेळवतो, तुमची सिस्टिम वेगळी असेल तर आकडे बदलतील पण हिशोबाची पद्धत बरीचशी तीच राहील.

तर त्या फायटरचा एसी (आर्मर क्लास, म्हणजे फटका लागायला शत्रूला गाठावा लागतो तो आकडा) कसा चढत गेला बघा. प्लेट आर्मर घातलं, १८. साधी ढाल घेतली, २०. डिफेन्स फायटिंग स्टाइल घेतली होती त्याचा एक, २१. मग एका खजिन्यात +१ ढाल निघाली, २२. मग क्लोक ऑफ प्रोटेक्शन, २३. मग रिंग ऑफ प्रोटेक्शन, २४. आणि शेवटी एका मोठ्या लढाईनंतर मी दिलदार होऊन प्लेटच +१ ची दिली, २५. एकेक घटना बघितली तर कशातच काही वावगं नाही, सगळं नियमात.

आता हिल जायंट घ्या. त्याचा अटॅक +८, म्हणजे वीस-बाजूंच्या फाशावर जे पडेल त्यात ८ मिळवायचे. एसी २५ ला लागायला फाशावर १७ किंवा वर पाहिजे, म्हणजे २० टक्के चान्स. त्याच लढाईत शेजारी विझर्ड उभा आहे, मेज आर्मर हा स्पेल आणि डेक्स (चपळाई) १४ धरून एसी १५, त्याला लागायला फक्त ७ पाहिजेत, म्हणजे ७० टक्के. जायंटचा एक फटका सरासरी १८ चा आणि टर्नला दोन फटके, पाचव्या लेव्हलच्या विझर्डचे एचपी, म्हणजे किती मार सोसतो तो आकडा, असतात तिशीच्या आसपास, म्हणजे एका टर्नमध्ये आडवा. मी काय शहाणपणा केला, तर फायटरला जरा तरी लागावं म्हणून जायंटचा अटॅक +१२ केला. फायटरला लागायचा चान्स झाला ४० टक्के, आणि विझर्डला ९० टक्के. म्हणजे ज्याच्यासाठी केलं त्याला थोडं खरचटलं आणि ज्याची काहीच चूक नव्हती तो दर सेशनला जमिनीवर.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की एखाद्याचा एसी २५ असणं हा प्रॉब्लेमच नाही. चौघांचाही २५ असता तर मी मॉन्स्टर मोठे आणले असते आणि विषय संपला असता. प्रॉब्लेम आहे एकाच टेबलवरच्या चार लोकांमध्ये पडलेली दरी. आयटम मॉन्स्टरच्या तुलनेत जड आहे का हे बघत बसण्यापेक्षा शेजारच्या प्लेअरच्या तुलनेत जड आहे का हे बघायचं.

आधी कागद घ्या

खरंच कागद घ्या किंवा फोनमध्ये लिहा, पण लिहा. प्रत्येक कॅरेक्टरसमोर एसी, एका टर्नचं साधारण डॅमेज, किती अट्यूनमेंट वापरलेत (काही जादूचे आयटम आधी कॅरेक्टरशी जोडून घ्यावे लागतात, एकाला जास्तीत जास्त तीन), आणि एक कॉलम असा की हा असं काय करू शकतो जे बाकी कोणी करू शकत नाही. हा शेवटचा कॉलम लोक विसरतात आणि माझ्या मते तोच सगळ्यात कामाचा आहे, त्याच्यावर पुढे येतो.

मग हिशोब. एसीमधून मॉन्स्टरचा अटॅक बोनस वजा करा, जे येईल ते फाशावर पडायला लागतं. २१ मधून तो आकडा वजा केला की किती बाजूंवर फटका लागतो ते कळतं, त्याला ५ ने गुणलं की टक्के. फक्त १ पडला की नेहमी चुकतो आणि २० पडला की नेहमी लागतो, त्यामुळे ५ टक्क्यांच्या खाली आणि ९५ च्या वर काही जात नाही.

आता या हिशोबातली गंमत. सगळे म्हणतात प्लस वन म्हणजे ५ टक्के. बरोबर आहे पण अर्धवट. ओगरचा अटॅक +६, तुमचा एसी १६, चान्स ५५ टक्के. एसी १७ केला, ५० टक्के. म्हणजे आधी जे अकरा फटके लागले असते त्यातला एक वाचला. ठीक आहे. आता एसी २४ असलेल्याला तोच ओगर १५ टक्के लागतो, एसी २५ झाला की १० टक्के. तीन फटक्यांमधला एक वाचला! आणि २६ केला की ५ टक्के, म्हणजे उरलेले पण निम्मे. जितका वर जाल तितका पुढचा प्लस वन जास्त ताकदीचा, म्हणजे ज्याच्याकडे आधीच भरपूर आहे त्याला तोच आयटम सगळ्यात जास्त फायदा देतो. सहाजिकच फायटर म्हणतो रिंग मला द्या, आणि हिशोबाने त्याचं बरोबरच असतं, म्हणून तर गाडी घसरते.

माझा अंदाजपंचे नियम असा की पुढे उभे राहून मार खाणाऱ्यांमध्ये एकमेकांत तीन-चारपेक्षा जास्त फरक नको आणि पूर्ण पार्टीत सहाच्या वर नको. हे कुठल्या पुस्तकात नाही, अनुभवाने बसलेलं आहे, तुमच्याकडे वेगळं चालत असेल तर तसं.

आर्मर निवडताना

प्लेअर लोकांसाठी हा भाग जास्त आहे. नियम लिहिणाऱ्यांनी आर्मरमध्ये तोल बऱ्यापैकी नीट सांभाळलाय, आपण तो बिघडवतो. स्टडेड लेदर १२ अधिक पूर्ण डेक्स, डेक्स २० पर्यंत नेली की १७. हाफ प्लेट १५ अधिक डेक्सचे जास्तीत जास्त २, ते पण १७. प्लेट सरळ १८, डेक्स धरतच नाहीत. म्हणजे शेवटी पोचल्यावर तिघांमध्ये फरक फक्त एकाचा. मग प्लेटवाला एवढा भारी का वाटतो, तर त्याच्या बदल्यात जे मोजायचं असतं ते बऱ्याच टेबलांवर कोणी मोजतच नाही. स्ट्रेंग्थ १५ पाहिजे, नसेल तर स्पीड १० फुटांनी कमी. वजन ६५ पौंड. स्टेल्थला, म्हणजे लपतछपत जायला, डिसअॅडव्हांटेज, म्हणजे दोन फासे टाकून कमी पडलेला धरायचा. घालायला १० मिनिटं, काढायला ५. किंमत १५०० गोल्ड, तर स्टडेड लेदर ४५ मध्ये. डीएमने स्टेल्थ कधी मागायचीच नाही, वजन विचारायचं नाही, रात्री कॅम्पवर हल्ला झाला तरी सगळे चिलखत घालूनच झोपलेले धरायचे, असं असेल तर प्लेट फुकटच पडली ना. मी म्हणत नाही दर रात्री हल्ला करा, तो छळ झाला, पण चार-पाच सेशनमध्ये एकदा हे आठवलं पाहिजे.

मीडियम आर्मरवाल्यांना माझा सल्ला, ब्रेस्टप्लेट आणि हाफ प्लेटमध्ये अडकला असाल तर आधी बघा की तुमची पार्टी लपतछपत जाते का. ब्रेस्टप्लेट १४, हाफ प्लेट १५, एकाचा फरक, पण हाफ प्लेटला स्टेल्थचा डिसअॅडव्हांटेज आहे आणि ब्रेस्टप्लेटला नाही, आणि ४०० गोल्डविरुद्ध ७५०. रोगने (Rogue, म्हणजे चोरपावलांनी जाणारं कॅरेक्टर) अर्धा तास बसून प्लॅन केलाय आणि क्लेरिकच्या (म्हणजे पुजारी कॅरेक्टरच्या) खडखडाटाने पहारेकरी जागा झाला की त्या एका एसीची आठवण कोणी काढत नाही.

ढाल. १० गोल्डमध्ये +२, अख्ख्या बाजारात याच्याइतका स्वस्त सौदा नाही. बदल्यात एक हात जातो आणि काढा-घालायला पूर्ण अॅक्शन. हातात आधीच दोन गोष्टी असलेला क्लेरिक ढाल पण धरून बसला असेल तर डीएमने गोड आवाजात विचारावं, की बाबा तुला हात किती.

डीएमसाठी एक गोष्ट, प्लेट हीच बक्षीस म्हणून द्या. फायटर सुरुवात करतो चेन मेलवर, १६. मध्ये स्प्लिंट आहे १७ चं, २०० गोल्डला, ते लोक विसरूनच जातात. १६ वरून १७, मग १७ वरून १८, या दोन पायऱ्या आरामात पाच-सहा लेव्हल पुरतात, प्लेअरला दोनदा आनंद होतो आणि जादू शून्य खर्च झाली.

एसी न वाढवता आर्मरवाल्याला खूश करायचं

हे मला खूप उशिरा कळलं. फायटरला चांगलं चिलखत पाहिजे असतं, आकडाच पाहिजे असतो असं नाही. मिथ्रल आर्मर द्या, स्टेल्थचा डिसअॅडव्हांटेज जातो आणि स्ट्रेंग्थची अट पण जाते, पण एसी तेवढाच. अॅडमंटाइन द्या, क्रिटिकल (२० पडल्यावरचा जास्तीचा फटका) लागला तरी साधा फटका धरायचा. आर्मर ऑफ रेझिस्टन्स द्या, एकाच प्रकारचं डॅमेज निम्मं, आग म्हणा किंवा थंडी. तिन्हीमध्ये प्लेअरला वाटतं की वा काय मिळालं, आणि तुमचा हिल जायंट होता तसाच कामाचा राहतो.

रॅरिटीवर, म्हणजे आयटम किती दुर्मिळ (अनकॉमन, रेअर, व्हेरी रेअर) या शिक्क्यावर, मात्र डोळे मिटून विश्वास ठेवू नका. +१ ढाल अनकॉमन आहे आणि +१ आर्मर रेअर, एसीमध्ये दोन्हीचा फायदा तोच एक. त्याहून मजेशीर म्हणजे २०१४ च्या नियमात अनकॉमन आयटमची किंमत १०१ ते ५०० गोल्ड दिलीय, आता मिथ्रल अनकॉमन आहे, म्हणजे तक्त्याप्रमाणे गेलं तर मिथ्रलचं प्लेट साध्या प्लेटच्या एक तृतीयांशात मिळेल. प्लेअरला हे सापडायच्या आत ठरवून टाका की आधी साध्या आर्मरची किंमत आणि वर जादूचे वेगळे.

शस्त्रांमध्ये तर आणखी गोंधळ. पाचव्या लेव्हलचा फायटर, स्ट्रेंग्थ १८, लाँगस्वर्ड, अटॅक +७, समोर एसी १५, चान्स ६५ टक्के आणि फटका सरासरी साडेआठचा. क्रिटिकल सोडून दिले तर एका अटॅकमागे साधारण साडेपाच डॅमेज. +२ तलवार दिली तर चान्स ७५ आणि फटका साडेदहा, म्हणजे जवळपास ८. फ्लेम टंग दिली तर चान्स ६५ च राहतो पण आगीचे दोन सहा-बाजूंचे फासे वर येतात, फटका साडेपंधरा, म्हणजे १० च्या वर. आणि दोन्ही तलवारी रेअर! टर्नला दोन अटॅक धरा आणि बघा फरक कुठे जातो ते. म्हणून तिथे पण कागदावरचा डॅमेजचा कॉलम बघायचा, रेअर लिहिलंय की व्हेरी रेअर लिहिलंय ते नंतर.

कोणाला काय

आता तो शेवटचा कॉलम. आकडा वाढवणारा आयटम आणि नवीन काहीतरी करू देणारा आयटम यात नेहमी दुसरा आधी द्या. बॅग ऑफ होल्डिंग, न हलणारा रॉड, लांबून एकमेकांशी बोलायचे सेंडिंग स्टोन्स, संपता न संपणारा पाण्याचा डिकँटर, यांनी कोणाचा एसी वाढत नाही पण प्लेअर यांच्यावर जितकं डोकं चालवतात तितकं +१ तलवारीवर कधीच चालवत नाहीत. आमच्याकडे तो रॉड दारात अडकवून, दोरीला बांधून, एकदा तर मगरीच्या तोंडात उभा ठेवून वापरलाय, आठ हजार पौंड पेलतो तो, मगरीचं काय चालणार.

पण नवीन काहीतरी करू देणारे सगळेच आयटम निरुपद्रवी नसतात हे पण ध्यानात ठेवा. ब्रूम ऑफ फ्लाइंग अनकॉमन आहे, स्पीड ५० फूट आणि अट्यूनमेंटची पण गरज नाही. तिसऱ्या लेव्हलला हातात पडला की खड्डा, नदी, भिंत, दरी, ज्यांच्याकडे धनुष्य नाही असे सगळे मॉन्स्टर, एका दमात बाद. विंग्ड बूट्स पण उडवतात पण त्यांना अट्यूनमेंट लागते, म्हणून मी झाडूला पण अट्यूनमेंट लावून टाकली, प्लेअरना आधी सांगून.

गाँटलेट्स ऑफ ओगर पॉवर, स्ट्रेंग्थ थेट १९. ज्याची १८ आहे त्याला काहीच उपयोग नाही म्हणा, ज्याची ८ आहे त्याच्यासाठी सोन्याची खाण. आता स्ट्रेंग्थ ८ चा क्लेरिक एकदम प्लेटचा स्पीड न घालवता चालतो आणि गदा पण फायटरइतकीच हाणतो, आणि फायटरने चौथ्या लेव्हलला स्ट्रेंग्थ वाढवण्यात जे घालवलं त्याचं त्याला वाईट वाटतं. हे आयटम द्यायचेच असतील तर आधी टेबलवर बघा की यामुळे कोणाची खासियत दुसऱ्याच्या खिशात जातेय का.

एसी वाढवणारे आयटम मागच्या लोकांकडे जातील असे बघा. ब्रेसर्स ऑफ डिफेन्स चांगले, +२ देतात पण आर्मर आणि ढाल दोन्ही नसेल तरच, म्हणजे ते आपोआप मंककडे किंवा विझर्डकडे जातात, भांडण नाही. क्लोक ऑफ प्रोटेक्शन मात्र कोणालाही चालतो, तिथे तुम्ही गप्प बसलात तर तो फायटरच्या खांद्यावर जाणार हे लिहून ठेवा. आणि अट्यूनमेंट तीनच का ठेवल्यात हा प्रश्न प्लेअरला पडला पाहिजे, सातव्या-आठव्या लेव्हलला चौघांपैकी कोणालाच निवड करावी लागली नसेल तर एक तर तुम्ही हात आखडलाय किंवा सगळे बिनअट्यूनमेंटचे आयटम वाटलेत.

शंका असेल तेव्हा संपणारी वस्तू द्या. पोशन, स्क्रोल, दहा-बारा +१ बाण. अंदाज चुकला तर दोन सेशनमध्ये चूक आपोआप संपते. चार्ज असलेल्या कांड्या पण बऱ्या, वाँड ऑफ मॅजिक मिसाइल्समध्ये ७ चार्ज असतात आणि पहाटे सगळेच परत येतील असं नाही, तेवढ्यात प्लेअर कंजूसपणा शिकतो.

दुसरी सिस्टिम असेल तर

एकच गोष्ट आधी तपासा, मॉन्स्टरच्या आकड्यांत आयटम धरलेत की नाही. डीअँडडीच्या पाचव्या एडिशनमध्ये धरलेले नाहीत, म्हणजे दिलेला प्रत्येक प्लस हा वरचा मलिदा. २००० सालच्या तिसऱ्या एडिशनमध्ये कुठल्या लेव्हलला किती संपत्ती असावी याचा तक्ताच होता, तिथे कंजूसपणा केला तर पार्टीच मरायची. २०१९ च्या पाथफाइंडर या तशाच दुसऱ्या गेमच्या दुसऱ्या एडिशनमध्ये पण शस्त्र-आर्मरचे रून (बोनस देणारी जादूची चिन्हं) वेळेवर मिळणार असं गृहीत आहे, आणि तिथे एसीच्या वर १० गेलं की क्रिटिकल होतो, त्यामुळे एकेक प्लस दोन ठिकाणी कामाला येतो. हाताने वाटायचं नसेल तर बोनस लेव्हलप्रमाणे आपोआप द्यायचा पर्यायी नियम तिथे आहे, नवीन डीएमला तो डोक्याला शांतता देतो. जुन्या काळच्या एडिशन खेळत असाल तर एसी उलटा, कमी म्हणजे चांगला, १९७४ मध्ये प्लेट आणि ढालवाल्याचा एसी २ असायचा, त्यामुळे दुसरीकडचे आकडे तिकडे उचलून नेताना सांभाळा.

दिलं गेलंच तर

चोर पाठवून आयटम पळवायचा नाही. प्लेअरला दोन मिनिटांत कळतं आणि मग पुढची पाच सेशन तो तुमच्या प्रत्येक एनपीसीकडे (डीएम चालवतो त्या पात्राकडे) संशयाने बघतो. रस्ट मॉन्स्टर आणायचा विचार असेल तर तो पण सोडा, तो गंजवतो फक्त बिनजादूचं लोखंड, म्हणजे +१ प्लेटवाला हसत उभा राहील आणि ज्या बिचाऱ्याने कालच साधं स्प्लिंट घेतलं त्याचं वाटोळं होईल.

एसीशी भांडण्यापेक्षा एसी न विचारणारे हल्ले मिसळा. विजडमचे सेव्ह (हल्ला झालेल्यानेच फासा टाकून वाचायचं), आगीचा झोत, ढकलाढकली, जाळी. हीट मेटल हा स्पेल तर प्लेटवाल्याचा काळच, टर्नला २ आठ-बाजूंचे फासे आणि चिलखत काढायला ५ मिनिटं, म्हणून तो क्वचित वापरायचा, एकदा वापरला की वर्षभर लक्षात राहतो. आणि मध्येमध्ये त्याला भिंत होऊ द्या, अरुंद पूल द्या, समोरून पंचवीस गॉब्लिन येऊ द्या, त्यांचा अटॅक +४, वीस पडल्याशिवाय लागणारच नाही, त्याने एवढे सेशन खेळून कमावलंय ते, मिरवू द्या की.

दरी भरायची ती खालून. बाकी तिघांना एकदम एसी देऊ नका, नाहीतर परत तीच शर्यत सुरू, त्यांना पळायला, लपायला, दिसेनासं व्हायला द्या. क्लोक ऑफ डिस्प्लेसमेंटने एसी तोच राहतो पण हल्ला करणाऱ्याला डिसअॅडव्हांटेज लागतो, आमच्या विझर्डला तो दिल्यावर त्या +८ च्या जायंटचा चान्स ७० वरून ४९ टक्क्यांवर आला. जायंटचा अटॅक मी अर्थात परत +८ केला होता.

आणि फायटरचं काय केलं, तर सेशननंतर थांबवून त्याला सरळ हा हिशोब दाखवला, कागदासकट. मला वाटलं रुसेल. तो म्हणाला मला पण कंटाळा आलाय, लागतच नाही कोणाचं तर हील कशाला घेऊ. पुढच्या सेशनला त्याने रिंग रोगला दिली, रोगने त्याच्याकडचे उंच उडी मारायचे बूट फायटरला दिले, फायटरचा एसी २४ आणि रोगचा १८ झाला, आणि त्याच संध्याकाळी प्लेट घातलेला माणूस भिंतीवरून उडी मारून थेट शत्रूंच्या मधोमध पडला, आणि पहिल्याच टर्नला सात जणांनी घेरून त्याला दोनदा लागलं.